मुलाखतीची उमेदवारी

दिवाळीचे आकाशकंदील गॅलरीतून अद्याप उतरलेले नसतात, तोच गिरगावच्या वाड्यांत, दादरच्या अभ्यासिकांत आणि परळ-लालबागच्या चाळींत एका निराळ्या हंगामाची लगबग सुरू होते. ज्या तरुण-तरुणींनी वर्षभर अंकगणित, तर्क, इंग्रजी आणि अर्थव्यवहाराचे सामान्यज्ञान यांची उजळणी करून सरकारी बँकांतील प्रोबेशनरी ऑफिसरच्या पदासाठी पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही लेखी परीक्षांची वेस ओलांडलेली असते, अथवा ओलांडण्याची उमेद बाळगलेली असते, त्यांना आता चार-पाच अपरिचित अधिकाऱ्यांसमोर पंधरा-वीस मिनिटे बसून केवळ बोलायचे असते. आणि संगणकाच्या पडद्यापुढे धडाधड प्रश्न सोडवणारी हीच मंडळी त्या पंधरा-वीस मिनिटांच्या नुसत्या कल्पनेने हबकून जातात. त्यांच्याच मजल्यावर, सनदी लेखापालाच्या अंतिम परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली एखादी मुलगी असते. तिचीही तीच गत असते. फरक इतकाच, की तिच्यापुढे बसणारे प्रश्नकर्ते बँकेचे नव्हेत, तर बँकांचे हिशेब तपासणारे असतात.

ही धास्ती अगदीच अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. बँकांच्या सामायिक भरतीत मुलाखतीला शंभर गुण असतात, त्यांतले किमान चाळीस, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांना पस्तीस, मिळवावेच लागतात. अंतिम यादीत लेखी परीक्षेचा वाटा ऐंशी टक्के आणि मुलाखतीचा वीस टक्के धरला जातो. वीस हा आकडा दिसायला लहान खरा, परंतु ज्या यादीत उमेदवार एकमेकांना खेटून उभे असतात, तिच्यात एखाद्या गुणाच्या अपूर्णांकानेही कोणाला मुंबईत जागा मिळते, कोणाची रवानगी परप्रांती होते आणि कोणाला पुनश्च हरिओम करावे लागते. म्हणूनच या हंगामात मुलाखतीची तयारी करून देणाऱ्या वर्गांचे फलक दादर स्थानकाच्या परिसरात झळकू लागतात आणि ‘स्वतःविषयी सांगा’, ‘तुमचे दोष कोणते’, ‘बँकेतच का येता’ या तीन प्रश्नांची तयार उत्तरे शेकडो मुखांतून एकाच ठेक्यात ऐकू येऊ लागतात. दोष कोणता म्हणाल, तर प्रत्येकाचा एकच: अतिपरिश्रम!

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, ही सारी पोपटपंची ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूतच मुळात चुकीची आहे. मुलाखत ही स्मरणशक्तीची तिसरी परीक्षा नव्हे. ते उमेदवाराने स्वहस्ते भरलेल्या अर्जाचे लेखापरीक्षण आहे. अर्जातली प्रत्येक ओळ ही एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीला पावती मागण्याचा समोरच्यांना अधिकार. ज्याच्याजवळ पावती आहे त्याला भाषेची अडखळ फारशी बाधत नाही, आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याला अस्खलित इंग्रजीही तारू शकत नाही.

*

नोकरीपूर्वी अशी रीतसर तपासणी व्हावी, हा शिरस्ता या शहरात पूर्वापार नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी फोर्टातल्या एखाद्या पेढीत वा कचेरीत कारकुनाची जागा मोकळी झाली की ती बहुधा चिठ्ठीने, ओळखीने किंवा आधीच तैनात असलेल्या नातलगाच्या शब्दाने भरली जाई. पण त्याच काळात दक्षिण मुंबईतल्या मध्यमवर्गाने हिशेबाचे शिक्षण स्वतःच्या संस्थांतून घ्यायला प्रारंभ केला होता. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था निघाली; याच मंडळींनी १९१५ साली गावदेवीत सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली; १९१८ साली सारस्वत सहकारी पतसंस्था स्थापन झाली आणि कालांतराने तिची बँक झाली. वर्गणी गोळा करणे, कर्जाचा अर्ज छाननीस घेणे, तारणाची शहानिशा करणे, वार्षिक सभेत सभासदांच्या खोचक प्रश्नांना ताळेबंद हाती धरून उत्तरे देणे, ही कामे ज्यांनी संध्याकाळी फावल्या वेळात केली, त्यांना बँकेच्या कामकाजाची ओळख बँकेत पाऊल टाकण्यापूर्वीच झालेली होती.

लेखापरीक्षणाची परंपराही अशीच उमेदवारीतून घडली. १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले. १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली आणि तिच्यासाठी मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करणे बंधनकारक केले. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची अखिल भारतीय संस्था कायद्याने अस्तित्वात आली, तरी आर्टिकलशिपचा तो दंडक कायम राहिला. दीर्घकाळ तीन वर्षांची असलेली ही उमेदवारी २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांवर आली. तिचे महत्त्व मात्र उणे झालेले नाही, कारण मुलाखतीत तपासले जाते ते बहुतांशी याच काळात केलेले काम.

याच सिडनहॅममध्ये, परळच्या बी.आय.टी. चाळीतून जाऊन, अर्थशास्त्र शिकवणारे एक तरुण प्राध्यापक होते: डॉ. भीमराव आंबेडकर. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. ती नोकरीची मुलाखत नव्हती हे उघड आहे. तथापि, समोर बसलेल्या तज्ज्ञांच्या उलटतपासणीला स्वतःच्या संशोधनाच्या आधारे सामोरे जाण्याचा वस्तुपाठ परळच्या उमेदवाराला हवा असेल, तर त्यासाठी त्याला आपला मोहल्ला ओलांडून जाण्याचे कारण नाही.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पाठोपाठ शाखा झपाट्याने वाढल्या आणि बँकेतली नोकरी ही गिरणगावातल्या मुलांच्याही दृष्टिपथात आली. दृष्टिपथात आली खरी, हाती मात्र सहजासहजी येईना. कारण लेखी परीक्षेचे इंग्रजी आणि मुलाखतीचे शिष्टाचार या दोन्ही गोष्टी महापालिकेच्या वा खाजगी मराठी शाळेतून आलेल्या, दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या मुलाला कोणी शिकवलेल्या नव्हत्या. ही उणीव ओळखून सत्तरच्या दशकात शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने, ज्या चळवळीशी सुधीर जोशी आणि गजानन कीर्तिकर यांची नावे निगडित आहेत, बँका, आयुर्विमा महामंडळ, एअर इंडिया अशा आस्थापनांत मराठी तरुणांच्या भरतीसाठी मोर्चे काढले, शिष्टमंडळे नेली. आणि त्याच्याच जोडीने लेखी परीक्षेचे व मुलाखतीचे प्रशिक्षण देणारे वर्गही चालवले. त्या चळवळीच्या प्रांतिक आग्रहाविषयी मतभेद तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण मोर्च्याने दार किलकिले झाले तरी आत बसून उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते, हे व्यवहारज्ञान त्या वर्गांच्या मुळाशी होते, हे नमूद करणे न्यायाचे होईल. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर मिटलाच नाही. त्यानंतर तर बापाच्या जागी मुलगा साच्यावर लागण्याची वाट कायमची बुजली, आणि बँकेचा अर्ज हा लालबागमधल्या घराघरांत आशेचा कागद झाला.

निवडीचे यंत्रही दरम्यान बदलत गेले. राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत १९७५ साली निर्माण झालेला कर्मचारी निवड विभाग १९८४ साली स्वतंत्र होऊन आयबीपीएस या नावाने नांदू लागला. बँकिंग सेवा भरती मंडळे आली आणि २००१ साली ती गुंडाळली गेली. २०११ पासून बहुतेक सरकारी बँकांसाठी सामायिक लेखी परीक्षा सुरू झाली. केंद्र सरकारने खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखती रद्द केल्यावर २०१६ पासून लिपिकांची निवड निव्वळ लेखी गुणांवर होऊ लागली. वशिल्याला पायबंद बसावा हा त्यामागचा हेतू होता. अधिकाऱ्यांच्या पदासाठी मात्र मुलाखत राहिली, आणि तिचे ओझे आता त्या एकाच दारी एकवटले आहे.

*

परळमधील एका सार्वजनिक मंडळाच्या पहिल्या मजल्यावरील खोलीत रविवारी सकाळी जी सराव-मुलाखत चालते, तिला उमेदवार सरसकट ‘मॉक’ म्हणतात. भिंतीला गेल्या वर्षीच्या उत्सवाची छायाचित्रे, कोपऱ्यात ढोल आणि ताशे, मध्ये एक लांब मेज. मेजापलीकडे एक निवृत्त बँक अधिकारी, एक सनदी लेखापाल आणि महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या एक बाई. शुल्क नाही. उमेदवाराने आत यायचे ते खऱ्या मुलाखतीचा पोशाख करून आणि खरी कागदपत्रे घेऊन.

प्रथम कागदपत्रेच पाहिली जातात, आणि तिथेच पुष्कळांचे घोडे पेंड खाते. इतर मागासवर्गातील उमेदवाराजवळ राज्य सरकारच्या नमुन्यातला दाखला असतो. बँकेला हवा असतो तो केंद्र सरकारच्या नमुन्यातला, आणि तोही जाहिरातीत मुकर्रर केलेल्या मुदतीतला, नॉन-क्रीमी लेयरच्या कलमासह. पदवीच्या प्रमाणपत्रावर नाव एका पद्धतीने, आधार कार्डावर दुसऱ्या पद्धतीने. निवृत्त अधिकाऱ्यांनी एका मुलापुढे दोन्ही कागद सरकवले आणि विचारले, “हे दोन्ही तुम्हीच का?” मुलगा हसला. “हसू नका. उद्या एखादा खातेदार असे दोन कागद घेऊन तुमच्या काउंटरवर उभा राहील, तेव्हा तुम्ही त्याचं खातं उघडाल का?”

त्यानंतर प्रश्नोत्तरे. ठेवींवरील विम्याची मर्यादा किती, असे विचारताच उत्तर क्षणात आले: पाच लाख, ४ फेब्रुवारी २०२० पासून, पूर्वी एक लाख होती. बाईंनी पुढचा प्रश्न टाकला, “माझ्या सासूबाईंची एकाच सहकारी बँकेच्या दादर आणि गिरगाव अशा दोन शाखांत चार-चार लाखांची ठेव आहे. बँक बुडाली तर त्यांना किती मिळतील?” मुलगा गप्प. आठ, असे त्याच्या ओठांवर आलेले दिसत होते. वस्तुतः एका बँकेतील सर्व शाखांच्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, त्या ठेवीदाराच्या नावे एकत्र मोजल्या जातात आणि मर्यादा त्या एकूण रकमेला लागते. म्हणजे सासूबाईंच्या पदरी पाचच लाख. तारीख पाठ होती, नियमाचा अर्थ ठाऊक नव्हता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि आरंभी खातेदारांना केवळ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली, तेव्हा शाखांच्या दारांशी ताटकळलेल्या लोकांना नेमका हाच अर्थ हवा होता. आणि काउंटरमागे बसणाऱ्याला तो सांगता यावा एवढ्यासाठीच मुलाखतीत तो विचारला जातो.

मग अर्जातला ‘छंद’ हा रकाना आला. मुलाने लिहिले होते: वाचन. अलीकडे काय वाचले, या प्रश्नावर त्याने एका जगप्रसिद्ध यशोगाथेचे नाव घेतले आणि दुसऱ्याच उपप्रश्नाला तो उघडा पडला. निवृत्त अधिकाऱ्यांनी विषय बदलला.

“या मंडळात तुम्ही काय करता?”

“खजिनदार आहे, सर. दोन वर्षं.”

“वर्गणीची पावतीपुस्तकं कशी ठेवता?”

आणि तो मुलगा प्रथमच मोकळा झाला. पुस्तकांना अनुक्रमांक असतात; कार्यकर्त्याला पुस्तक देताना नोंदवहीत सही घेतो; रद्द झालेली पावती फाडून टाकू देत नाही, मूळ प्रत आणि स्थळप्रत दोन्ही टाचून ठेवतो; कोरी पुस्तके परत आल्याशिवाय त्या कार्यकर्त्याचा हिशेब मिटवत नाही; रोकड दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बँकेत भरतो; दानपेटीला दोन कुलुपे, एक किल्ली त्याच्याजवळ आणि दुसरी अध्यक्षांजवळ, आणि पेटी उघडताना बाहेरचा एक रहिवासी साक्षीला बोलावतो; वर्षअखेरीस जमाखर्च लेखापरीक्षकाकडे जातो आणि तिथून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. हे सारे त्याने मराठीत, मध्येच हिंदीत, एकदाही न अडखळता सांगितले.

“दोन किल्ल्या का?”

“एकट्याच्या हातात पेटी राहू नये म्हणून, सर. माझ्यावर संशय येऊ नये म्हणूनसुद्धा.”

“बँकेच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात. त्याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणतो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती पडताळून मंजूर करायची, हा बँकेतला प्रत्येक व्यवहाराचा दंडक आहे. तुम्ही दोन वर्षं हे करताय आणि अर्जात लिहिलंय काय? वाचन!”

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक मंडळाला हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे भाग असते. १८९३ पासून गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत आणि १९३४ पासून लालबागच्या बाजारात जो गणेशोत्सव चालत आला, त्याने या भागातील तरुणांच्या कितीतरी पिढ्यांच्या हाती पावतीपुस्तक दिले. असे असता, उमेदवाराला हा अनुभव सांगण्याजोगा वाटू नये, आणि उसन्या यशोगाथेचे नाव मात्र प्रतिष्ठेचे वाटावे, यात त्याच्या एकट्याचा दोष नाही. चाळीतले जे काही ते मुलाखतीच्या दाराबाहेर ठेवून यायचे असते, ही शिकवण त्याला वर्षानुवर्षे मिळत आलेली आहे.

*

लेखापरीक्षणाच्या पेढ्यांतील मुलाखतींची तऱ्हा थोडी वेगळी, आणि त्यांचा पत्ता तर विलक्षणच. जगातील चार बलाढ्य लेखापरीक्षण संस्थांनी या शतकात मुंबईत ज्या कचेऱ्या थाटल्या, त्यांतील डेलॉइटची एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारातील मनोऱ्यात, केपीएमजीची ना. म. जोशी मार्गावरील अपोलो गिरणीच्या जागेत, ईवायची दादरच्या रुबी मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आणि पीडब्ल्यूसीची शिवाजी पार्कजवळ. ज्या फाटकातून आजोबा पाळीला जात, त्याच जागेवरच्या काचेच्या दारातून नात मुलाखतीला जाते. आजोबांना गेटवर हजेरीचा बिल्ला दाखवावा लागे. नातीला अभ्यागताचा बिल्ला गळ्यात अडकवावा लागतो.

आत गेल्यावर कायद्याची कलमे विचारली जातातच: २०१३ च्या कंपनी कायद्यातील लेखापरीक्षकाच्या नेमणुकीची व अहवालाची कलमे, २०२० च्या कारो आदेशातील मुद्दे, लेखामानके. परंतु निर्णायक ठरते ती आर्टिकलशिपची उलटतपासणी. गिरगावातील एका मुलीने अर्जात लिहिले होते की, तिने एका कंपनीच्या बँकशिलकेची पडताळणी केली. सराव-मुलाखतीत लेखापालांनी विचारले, “बँकेचं पुष्टिपत्र तुमच्यापर्यंत कसं आलं?”

“कंपनीच्या अकाउंटंटनी दिलं, सर.”

“त्यांच्या हातून? मग त्या पत्राची किंमत काय?”

प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. बाह्य पुष्टीविषयीच्या एसए ५०५ या मानकाचा गाभाच असा की, पत्र पाठवण्यावर ताबा लेखापरीक्षकाचा हवा आणि उत्तर थेट त्याच्याकडे यायला हवे. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याच हातून आलेला कागद हा पुरावा म्हणून दुबळा. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या प्रमुखांनी ताळेबंदातील रोख व बँकशिलकेचे हजारो कोटी अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली, तेव्हा साऱ्या व्यवसायाला हा धडा नव्याने गिरवावा लागला. मुलीने थोडा विचार केला आणि प्रांजळपणे म्हटले, “सर, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आज असतं तर पत्र मीच टपालात टाकलं असतं आणि उत्तर आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं असतं.” लेखापालांनी मान डोलावली. त्यांच्या मते, न केलेले काम केले म्हणून सांगणारा उमेदवार हा पेढीला सर्वांत महाग पडणारा उमेदवार. कारण उद्या तो न तपासलेली नोंदही तपासली म्हणून टिकमार्क करील.

बँकेची मुलाखत असो वा लेखापरीक्षणाची, दोन प्रकरणे हटकून निघतात, आणि दोन्ही याच शहरातली आहेत. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात हाती रोखे नसताना बँकांच्या पावत्या काढल्या गेल्या. त्यांत बँक ऑफ कराडचेही नाव होते आणि त्या बँकेला पुढे टाळे लागले. २०१८ च्या फेब्रुवारीत उघडकीस आलेल्या प्रकरणात, फोर्टातल्या ब्रॅडी हाऊसमधील पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतून परदेशस्थ शाखांना स्विफ्टवरून हमीचे संदेश जात राहिले, पण कोअर बँकिंगच्या प्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती. रक्कम तेरा हजार कोटींच्या वर गेली. उमेदवार आरोपींची नावे आणि आकडे घडाघडा म्हणतात. परीक्षकाला हवे असते ते एवढेच: दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम कोणाचे होते, आणि ते कोणी, किती काळ केले नाही? ज्याने पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती रोकडवहीशी जुळवल्या आहेत, त्याला हा प्रश्न परका वाटू नये.

*

राहता राहिला भाषेचा प्रश्न. बँकांच्या सामायिक भरतीत मुलाखत हिंदीतून देण्याचीही मुभा असते, हे पुष्कळांना ठाऊक असूनही इंग्रजीच्या हव्यासापायी ती घेतली जात नाही. लिपिकपदासाठी तर ज्या राज्यातली जागा, त्या राज्याची भाषा अवगत असणे बंधनकारकच आहे. म्हणजे मराठी ही इथे अडचण नसून पात्रता आहे. खाजगी बँका आणि मोठ्या पेढ्या यांच्यापुढे मात्र इंग्रजीवाचून गत्यंतर नाही, हेही तितकेच खरे. पण तिथेही वाक्य लहान असले आणि नोंद खरी असली, तर उच्चाराचा गावठीपणा सहसा आड येत नाही. सराव-मुलाखत घेणाऱ्या बाई मुलांना एकच नेम घालून देतात: जे तुम्ही मराठीत चार वाक्यांत सांगू शकत नाही, ते इंग्रजीत सांगायला जाऊ नका.

ज्यांची निवड होत नाही त्यांची वाटही तिथेच खुंटत नाही. सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी सहकार व लेखा पदविकेची, म्हणजे जी.डी.सी. अँड ए.ची, परीक्षा उत्तीर्ण होऊन खात्याच्या नामतालिकेवर गेलेले लेखापरीक्षक गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासतात, आणि गिरगाव-दादरमध्ये जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इमारतीबरोबर तपासायच्या वह्याही वाढत आहेत.

तेव्हा या लेखाचा निष्कर्ष उमेदवारांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांना उद्देशून आहे. वर्गांचे शुल्क भरणे, नवा सदरा शिवून देणे, देवाला नारळ बोलणे हे सारे ते करतातच. परंतु मंडळाचे, वाचनालयाचे वा चाळीच्या सोसायटीचे दफ्तर लेखापरीक्षकाकडे नेण्याची वेळ येते, तेव्हा ते जुनेजाणते पदाधिकारीच नेतात, शंका निघाल्या की त्याच त्या मुरलेल्या आवाजात उत्तरे देतात, आणि ज्या पोराने वर्षभर वही लिहिली ते घरी बसून ‘स्वतःविषयी सांगा’चे उत्तर घोकत असते. येत्या मार्चअखेरीनंतर ही प्रथा मोडावी. वही ज्याने लिहिली त्यालाच लेखापरीक्षकासमोर बसवावे, हरवलेल्या व्हाउचरचा जाब त्यालाच देऊ द्यावा, आणि चूक निघाली तर ती कबूल करून दुरुस्तीची नोंद त्याच्याच हस्ताक्षरात होऊ द्यावी. असा एक तास ज्याने काढला आहे, त्याला बँकेच्या मंडळींपुढे बसताना नव्याने शिकण्यासारखे फार थोडे उरते.